पाच दहा

एकतीस तारखेला गिझरने मला शाबासकी दिली.
मोबाईलवर एक हिरवं पान, त्याखाली ओळ:
या महिन्यात तुम्ही गरम पाण्याचा वापर निम्म्यावर आणलात,
अशीच बचत करत राहा.

आत्या जाऊन तेवीस दिवस झाले होते.

कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीतल्या पहिल्या मजल्यावर
अंघोळीचं एक माणूस कमी झालं
हे ज्याला सगळ्यात आधी आकड्यात कळलं
तो सर्व्हर कुठे आहे मला माहीत नाही.
कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी गार खोलीत
आमच्या न्हाणीघराची वही आहे.
त्या वहीत कुमुद नावाची बाई नाही.
पहाटे पाच दहाचा एक वापर आहे,
तो आठ तारखेला थांबतो.

कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं
तिने गाळ्याचे हिशेब लिहिले.
गोणीमागे आठ आणे कुणी खाल्ले तर तिला वासावरून कळायचं.
स्वतःचा पगार मात्र तिने
माझ्या बापालासुद्धा कधी सांगितला नाही.
घरातलं घरात, म्हणायची,
आणि चोपडी उशाखाली सारायची.
तिच्या अंघोळीची वेळ मीच
अटी न वाचता 'मान्य' दाबून देऊन आलो होतो.
दिवाळीची ऑफर. अडीच हजार सूट.

रविवारी मेन स्विच पाडला.
टेस्टर लावून तीनदा बघितलं, मग चौथ्यांदा,
ती कुलूप ओढून बघायची तसं.
झाकणाचे सहा स्क्रू स्टीलच्या वाटीत.
आत क्षाराची पांढरी पापडी, एक वाळलेली पाल
आणि नखाएवढी चिप. हीच ती चहाडखोर.

जुबेर दुकानाचं शटर अर्धं ओढून आला होता,
खिशात लॅपटॉपला जोडायचा अ‍ॅडॉप्टर.
चार तारा: तीन पॉइंट तीन, ग्राउंड, येणं, जाणं.
"पाच व्होल्ट देऊ नको, जळेल.
शून्य नंबरचा पाय ग्राउंडला धर, मग करंट दे."
धरला. हात हलला. नाही झालं.
परत धरला. नाही झालं.
जुबेरने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला,
"येण्याला येणं जोडलंयस तू.
त्याचं जाणं ते आपलं येणं, असं असतं."
त्याला बोर्डाबद्दलच बोलायचं होतं.
मी तारा बदलल्या.

टक्के चढू लागले. सत्तरवर चहा उतू गेला.
कंपनीचं खातं बंद करताना प्रश्न आला:
तुम्ही आम्हाला का सोडताय?
पाच पर्याय होते. आमचा त्यात नव्हता.
'इतर' दाबलं, पुढची चौकट कोरी ठेवली.

आता कपाटावर साबणाच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर आहे,
जुन्या चार्जरवर चालतो.
गिझर त्याच्याशी बोलतो, त्यापुढे कुणाशी नाही.
खात्री करायला राउटरला बाहेरून येणारी वायर उपसली.
शेजारच्या कणसे काकूंची मालिका अडकली
(त्या आमच्याच वायफायवर असतात),
भिंतीपलीकडून हाक आली,
आणि इकडे न्हाणीघरात टक् झालं,
तांबडा दिवा लागला.

रात्री वेळापत्रकाची फाइल हाताने लिहिली.
सहा चाळीस, मी, बारा मिनिटं.
त्याच्या वर बोटांनी आपणहून पाच दहा लिहून टाकलं.
पुसायला गेलो.
मग ओळीच्या सुरुवातीला नुसतं हॅशचं चिन्ह दिलं.
ते असलं की मशीन ती ओळ वाचत नाही,
ओलांडून पुढच्या ओळीवर जातं.

# कुमुद. पाच दहा. चाळीस मिनिटं.

एवढा वेळ कशाला लागतो गं, म्हणून मी भांडायचो.